बुरशीचं नाव ठरवायला कोणती सेवा किती कामाची? इंडेक्स फंगोरम, मायकोबँक, ब्लास्ट, युनाइट आणि इतर

पानावरचा ठिपका कापला, काचपट्टीवर बीजाणू दिसले, माध्यमावर वाढही आली. आता अहवालात नाव काय लिहायचं? इथे मदतीला येणाऱ्या ऑनलाइन सेवा आज भरपूर आहेत आणि बहुतेक सगळ्या फुकट आहेत. इंडेक्स फंगोरम, मायकोबँक, जेनबँक या सार्वजनिक डीएनए साठ्याशी तुमच्या बुरशीच्या डीएनएचा क्रम जुळवून पाहणारा ब्लास्ट शोध, युनाइट, फ्युझेरियम-आयडी, अमेरिकेच्या कृषी खात्याचा बुरशी आणि यजमान पिकांचा माहितीसाठा, युरोपातल्या एप्पो या वनस्पती संरक्षण संघटनेचा ग्लोबल डेटाबेस. या सगळ्यांना 'बुरशी ओळखून देणाऱ्या साइट' असं सरसकट म्हटलं जातं आणि बरीचशी चुकीची नावं तिथूनच अहवालात शिरतात.

मुळात प्रश्न तीन आहेत. हे नाव नियमाप्रमाणे वैध आहे का आणि आज चालतं का, हा पहिला. हातातल्या बुरशीला कोणतं नाव लागतं, हा दुसरा. या पिकावर ही बुरशी आधी कुणी नोंदवली आहे का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नासाठी बांधलेली सेवा दुसऱ्याचं उत्तर देत नाही, आणि दुसऱ्यासाठी बांधलेली सेवा हातात काय घेऊन गेलात त्यावर चालते. पुढचं परीक्षण याच हिशेबानं केलं आहे.

नावांची दोन दप्तरं

इंडेक्स फंगोरम ही साइट दिसायला जुनाट आहे, पण काम चोख. लंडनच्या क्यू उद्यानाच्या छत्राखाली चालणाऱ्या या साठ्यात बुरशीचं नाव, ते देणारे लेखक, वर्ष, कुठे प्रसिद्ध झालं आणि मूळ नाव कोणतं हे सगळं एका पानावर मिळतं. शोधताना पूर्ण नाव टाकण्यापेक्षा फक्त दुसरा शब्द, म्हणजे स्पीशीजचा (जातीचा) शब्द टाकून पाहावा. पहिला शब्द, म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट), बदलतो, दुसरा शब्द सहसा टिकतो, फार तर लिंगाप्रमाणे त्याचा शेवट बदलतो. त्यामुळे एकाच बुरशीची चार पत्ते बदललेली नावं एका यादीत समोर येतात.

भातावरच्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचं उदाहरण घेऊ. १९०० साली ब्रेडा दी हान यांनी तिला हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी म्हटलं. १९५९ मध्ये शूमेकर यांनी ती बायपोलॅरिसमध्ये नेली, १९६६ मध्ये सुब्रमणियन आणि जैन यांनी ड्रेशलेरामध्ये. तिच्या लैंगिक अवस्थेला वेगळंच नाव होतं, कॉक्लिओबोलस मियाबिॲनस. जुनी पुस्तकं, बियाणे तपासणीचे अहवाल आणि औषधांची लेबलं यांत ही चारही नावं सापडतात. इंडेक्स फंगोरमवर 'बायपोलॅरिस ओरायझी (ब्रेडा दी हान) शूमेकर' अशी नोंद दिसेल. कंसातला माणूस मूळ वर्णन करणारा, कंसाबाहेरचा जीनस बदलणारा. एवढं वाचता आलं की चार रोग वाटणारी नावं एकाच बुरशीची आहेत हे मिनिटभरात कळतं.

दुहेरी नावांची ही पद्धत २०११ च्या मेलबर्न संहितेनं, म्हणजे नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनं, बंद केली. त्याआधी एकाच बुरशीच्या अलैंगिक अवस्थेला एक आणि लैंगिक अवस्थेला दुसरं नाव कायदेशीरपणे देता येत असे. आता एका बुरशीला एकच नाव. भाताच्या करपा रोगाची मॅग्नापोर्थे ओरायझी आणि पायरिक्युलारिया ओरायझी ही जोडनावं त्याच काळातली. त्यांपैकी पायरिक्युलारिया वापरावं अशी या गटावर काम करणाऱ्यांची शिफारस आहे. साहित्य शोधताना मात्र दोन्ही नावं टाकावी लागतात, नाहीतर निम्मे शोधनिबंध हातातून सुटतात.

मायकोबँक २००४ पासून आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या सीबीएसमध्ये आणि आजच्या वेस्टरडाइकमध्ये, ती उभी राहिली. १ जानेवारी २०१३ पासून कोणत्याही नव्या बुरशीचं नाव वैध ठरायचं असेल तर ते मान्यताप्राप्त नोंदणीकेंद्रात नोंदवून क्रमांक घ्यावाच लागतो. मायकोबँक, इंडेक्स फंगोरम आणि चीनमधलं फंगल नेम्स ही ती केंद्रं. मायकोबँक इंडेक्स फंगोरमपेक्षा संथ वाटते, पण तिचा खरा फायदा टाइप नमुन्याच्या, म्हणजे ज्याच्याशी नाव बांधलेलं असतं त्या नमुन्याच्या, माहितीत आहे. टाइप कोणत्या संग्रहालयात आहे, त्यापासून काढलेलं जिवंत कल्चर (माध्यमावर वाढवलेली बुरशी) कोणत्या क्रमांकानं ठेवलंय, हे तिथून टिपून घ्या. ब्लास्टच्या वेळी हाच क्रमांक कामाला येतो.

या दोन्ही सेवांबद्दल एक सावधगिरी. 'सध्याचं नाव' म्हणून जे दाखवलं जातं ते त्या साठ्याच्या संपादकांनी स्वीकारलेलं मत असतं. नाव वैध आहे की नाही हे संहिता ठरवते. ती बुरशी कोणत्या जीनसमध्ये बसवायची हे संशोधक ठरवतात, आणि त्यांच्यात मतभेद असतात. मूळकूज करणाऱ्या फ्युझेरियम सोलानी गटाचं तेच झालंय. एक गट त्यांना निओकॉस्मोस्पोरामध्ये नेतो, दुसऱ्या मोठ्या गटानं २०२१ मध्ये सविस्तर मांडणी करून ते फ्युझेरियममध्येच ठेवावेत असं म्हटलं. म्हणून दोन साइटवर दोन वेगळी 'सध्याची' नावं दिसली तर गोंधळून जाऊ नका. अहवालात एक नाव वापरा, ते कोणाच्या मांडणीप्रमाणे आहे ते लिहा आणि दुसरं पर्यायी नाव म्हणून द्या.

आमच्या मते नाव तपासायला इंडेक्स फंगोरम आणि टाइप शोधायला मायकोबँक ही जोडी बिनतोड आहे. पण तुमचा बीजाणू कसा दिसतो हे या दोघींपैकी कुणीही पाहिलेलं नसतं.

सेवेकडे जाण्याआधी हातात काय हवं

क्रमवाचनाची, म्हणजे सिक्वेन्सिंगची, घाई करणाऱ्यांसाठी हा भाग जरा लांबवतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. जुन्या, वाळलेल्या ठिपक्याच्या मधोमध जे वाढतं ते बहुतेक वेळा रोगकारक नसतं. तिथे क्लॅडोस्पोरियम, एपिकोकम, आल्टरनेरिया आल्टरनाटा अशा मृतोपजीवी बुरशी येऊन बसलेल्या असतात. मूळ रोगकारकापेक्षा त्या भराभर वाढतात आणि पेट्री डिश ताब्यात घेतात.

त्यामुळे तुकडा ठिपक्याच्या कडेवरून घ्यायचा, अर्धा हिरवा आणि अर्धा रोगट, ३ ते ५ मिलिमीटरचा. सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात कोवळ्या पानाला ३० सेकंद ते १ मिनिट पुरतं, जाड देठ किंवा फांदीला २ मिनिटंही लागतात. नंतर निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन निर्जंतुक टिपकागदावर कोरडा करायचा. ही शेवटची पायरी अनेकजण गाळतात आणि मग तुकड्याभोवती जीवाणूंचा ओला थर येतो. पातळ पानाला हायपोक्लोराइटमध्ये जास्त वेळ ठेवलं तर द्रावण आत शिरून रोगकारकच मरतो आणि डिश स्वच्छ राहते. स्वच्छ डिश म्हणजे निरोगी पान, असा अर्थ लावू नये.

बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार हे नेहमीचं माध्यम. लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगार, आणि १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. हे माध्यम वसाहतीचा रंग पाहायला चांगलं, बीजाणू पाहायला तितकंसं नाही, कारण भरपूर साखर मिळाली की बुरशी नुसते तंतू वाढवत बसते. फ्युझेरियमसाठी लिटरला ग्लुकोज आणि सुक्रोज प्रत्येकी फक्त ०.२ ग्रॅम असलेलं एसएनए माध्यम किंवा निर्जंतुक कार्नेशनच्या पानांचे तुकडे टाकलेलं अगार वापरलं तर बीजाणू नेमक्या आकाराचे येतात. सोबत १२ तास उजेड, १२ तास अंधार. शेवटी एकबीजाणू कल्चर, म्हणजे एकाच बीजाणूपासून वाढवलेलं, करायचंच. मिश्र कल्चरचा डीएनए वाचायला दिला की वाचनयंत्राच्या आलेखात एकावर एक दोन शिखरं दिसतात आणि त्यातून निघालेलं नाव कुणाचंच नसतं.

मोजमापाबद्दल. स्टेज मायक्रोमीटर या मोजपट्टीच्या काचेवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. डोळ्याच्या भिंगातली पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळी जुळवून घ्यावी लागते. १० पटीच्या भिंगाचं गणित ४० पटीच्या भिंगाला लावलं की मापं चौपट चुकतात आणि चावीत, म्हणजे ओळख-तक्त्यात, भलत्याच स्पीशीजशी जुळतात. किमान ३० बीजाणू मोजा, ५० मोजले तर उत्तम, आणि लांबी-रुंदीची फक्त सरासरी न देता पल्ला द्या. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये पारदर्शक भिंतीचे बीजाणू छान उठून दिसतात, पण तपकिरी बीजाणूंचा मूळ रंग त्यात कळत नाही. त्यासाठी लॅक्टिक ॲसिड किंवा साधं पाणी घ्यावं.

जीनसपर्यंत बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकच पोचवतो. आल्टरनेरियाचे उभ्या-आडव्या भिंतींचे चोचदार बीजाणू, पक्सिनियाचे दोन पेशींचे आणि युरोमायसेसचे एका पेशीचे टेलिओबीजाणू (तांबेऱ्याचे जाड भिंतीचे बीजाणू) यांच्यासाठी कोणत्याही साइटची गरज नाही. सर्कोस्पोरा आणि स्यूडोसर्कोस्पोरा या जोडीत थोडं बारकाईनं पाहावं लागतं. दोघींचे बीजाणू लांब, सुईसारखे. पण सर्कोस्पोरात बीजाणू जिथून सुटतो ती खूण जाड आणि काळपट असते, स्यूडोसर्कोस्पोरात ती भिंतीसारखीच पातळ. १०० पटीच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली बीजाणूचं बूड आणि त्याला धरणाऱ्या दांड्याचं टोक असं दोन्ही पाहिलं तर फरक निःसंशय दिसतो. भुरीचंही तसंच. ताजे बीजाणू ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवले आणि आत चकाकणारे फायब्रोसिन कण दिसले की पोडोस्फिरासारख्या गटाकडे जायचं, नसतील तर एरिसिफी किंवा गोलोव्हिनोमायसेसकडे. भुरी आणि तांबेरा नेहमीच्या माध्यमावर वाढत नाहीत, त्यामुळे तिथे कल्चरची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ताजा नमुनाच पाहायचा आणि वाळवून जपायचा.

ब्लास्ट: सर्वात ताकदवान, सर्वात गैरवापर होणारी

बुरशीच्या डीएनएतला आयटीएस हा भाग २०१२ मध्ये बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला. साधारण ५०० ते ७०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), आयटीएस१एफ किंवा आयटीएस५ आणि आयटीएस४ या प्रायमरनी, म्हणजे हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, सहज वाढणारा. निकाल आला की तो ब्लास्टच्या चौकटीत चिकटवायचा, बटण दाबायचं आणि पहिल्या ओळीतलं नाव उचलायचं, अशी सर्रास पद्धत आहे. इथे चार गोष्टी बिघडतात.

पहिली, कच्चा वाचनक्रम. सुरुवातीचे २०-३० बेस आणि शेवटचा भाग आलेखात धूसर असतो. तो छाटल्याशिवाय शोध घेऊ नये. दोन्ही दिशांनी वाचन करून जुळवलेला क्रम घ्यावा. आलेखाची फाइल स्वतः उघडून पाहणं यात आलंच, नुसत्या अक्षरांच्या फाइलवर विसंबू नये.

दुसरी, ओळख टक्के पाहायचे पण व्याप्ती, म्हणजे क्वेरी कव्हर (तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला), पाहायची नाही. आयटीएसच्या मध्ये ५.८एस नावाचा सुमारे १६० बेसचा तुकडा असतो आणि तो बुरशींमध्ये फारसा बदलत नाही. तुमच्या क्रमाचा एवढाच भाग जुळला तरी ओळख ९९-१०० टक्के दिसते. क्वेरी कव्हर ३० टक्के असेल तर त्या ९९ टक्क्यांना काही किंमत नाही. व्याप्ती ९० टक्क्यांच्या खाली गेली की आधी क्रम पुन्हा तपासा.

तिसरी, सगळ्यांशी तुलना. जेनबँकेत क्रम कुणीही टाकू शकतो आणि त्याला दिलेलं नाव टाकणाऱ्याचं असतं. सार्वजनिक साठ्यांतल्या बुरशींच्या क्रमांपैकी सुमारे २० टक्क्यांची स्पीशीज-ओळख चुकीची असू शकते, असं २००६ च्या एका अभ्यासानं दाखवलं होतं. यावर उपाय ब्लास्टनंच दिलाय आणि तो दोन क्लिकचा आहे. साठा निवडताना आरआरएनए आणि आयटीएसचा पर्याय घ्या आणि त्यात बुरशींच्या टाइप व संदर्भ नमुन्यांचा आयटीएस साठा निवडा. दुसऱ्या फेरीत पूर्ण साठ्यावर शोध घेताना 'टाइप नमुन्यांचे क्रम' ही चौकट टिकवा आणि कल्चर न केलेल्या पर्यावरणीय नमुन्यांचे क्रम वगळा. मायकोबँकेतून टिपलेला कल्चर क्रमांक याच वेळी जुळवून पाहायचा. ही सोय इतकी चांगली आहे की ती आपोआप निवडलेली का नसते, असा प्रश्न पडतो.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. वनस्पतींना रोग करणाऱ्या अनेक जीनसमध्ये आयटीएस स्पीशीज वेगळ्या करूच शकत नाही. फळांवरच्या करप्याची कोलेटोट्रिकम घ्या. कडा सरळ, टोकं गोलसर आणि आत एकही भिंत नसलेले १२ ते १७ मायक्रॉन लांबीचे बीजाणू दिसले की वर्षानुवर्षं 'कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइड्स' असं लिहिलं गेलं. ब्लास्टवर ग्लिओस्पोरिऑइड्स, सियामेन्स आणि फ्रुक्टिकोला ही नावं जवळजवळ सारख्याच टक्क्यांनी एकाखाली एक येतात. २०१२ मध्ये या एका 'स्पीशीज'च्या जागी २२ स्पीशीजचा गट मान्य झाला. ग्लिओस्पोरिऑइड्स हे नाव नेमकं कुणाचं हे २००८ मध्ये इटलीतल्या संत्र्यावरून घेतलेल्या नमुन्याला एपिटाइप (मूळ टाइप अपुरा असताना निवडलेला पूरक टाइप) ठरवून पक्कं केलं गेलं. सीबीएस ११२९९९ हे त्याचं कल्चर. त्याआधी त्या नावानं जेनबँकेत गेलेल्या क्रमांचा त्या नमुन्याशी संबंध असेलच असं नाही. उष्णकटिबंधीय फळांवर खरी ग्लिओस्पोरिऑइड्स ही नेहमीची रोगकारक नाही, हेही २०१० मध्ये दाखवलं गेलं.

म्हणजे कोलेटोट्रिकममध्ये आयटीएसनं गट कळतो, स्पीशीज नाही. स्पीशीजसाठी गॅपडीएच, ॲक्टिन, बीटा-ट्युब्युलिन, कॅल्मोड्युलिन आणि ग्लिओस्पोरिऑइड्स गटात एपीमॅट हे जनुकभाग लागतात. ते टाइप कल्चरच्या क्रमांसोबत जुळवून वंशवृक्ष काढावा लागतो. एकाच जनुकाची सोय असेल तर या गटात एपीमॅट किंवा निदान गॅपडीएच घ्या, आयटीएसवर पैसे घालवू नका. आणि गटापलीकडे जाता आलं नाही तर 'ग्लिओस्पोरिऑइड्स स्पीशीज कॉम्प्लेक्स' एवढंच लिहा. त्यात कमीपणा नाही, खोटी अचूकता जास्त नुकसान करते.

किती टक्क्यांना स्पीशीज म्हणायचं, हा नेहमीचा प्रश्न. ९७ टक्क्यांचा जुना ठोकताळा सोडून द्यावा. वेस्टरडाइक संस्थेच्या संग्रहातल्या हजारो कल्चरवर आधारित २०१९ च्या विश्लेषणात तंतुमय बुरशींसाठी आयटीएसची सर्वसाधारण सीमा ९९.६ टक्के निघाली. ५५० बेसच्या क्रमात ९७ टक्के म्हणजे सोळा-सतरा फरक, ९९.६ म्हणजे जेमतेम दोन. आणि हे दोन फरक खरे आहेत की वाचनातली चूक आहेत, याचं उत्तर पुन्हा त्या आलेखातच असतं.

युनाइट आणि फ्युझेरियम-आयडी

युनाइट हा एस्टोनियातल्या तार्तूशी जोडलेला, आयटीएसपुरता मर्यादित साठा. एकमेकांशी जुळणारे क्रम ०.५ ते ३ टक्के अंतराच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर गटात बांधून प्रत्येक गटाला एसएच क्रमांक दिला जातो. ज्या बुरशीला अजून नाव नाही तिच्याबद्दलही या क्रमांकानं बोलता येतं. मातीतल्या किंवा पानातल्या सगळ्या बुरशींचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांना ही सेवा अमूल्य आहे. एका रोगट पानाचं निदान करणाऱ्याला तिचा उपयोग दुसऱ्या मतापुरता. ब्लास्टनं दिलेलं नाव आणि युनाइटचा गट जुळत नसेल तर थांबा. आयटीएसच्या मर्यादा तिलाही लागू आहेतच.

फ्युझेरियमसाठी मात्र आयटीएस सोडूनच द्यावा. या जीनसच्या काही गटांत एकाच बुरशीत आयटीएस२ च्या दोन वेगळ्या वंशाच्या प्रती सापडतात, हे १९९७ पासून माहीत आहे. कोणती प्रत वाढली त्यावर उत्तर बदलतं. इथे टीईएफ१ या जनुकाचा ईएफ१ आणि ईएफ२ प्रायमरनी येणारा सुमारे ७०० बेसचा भाग घ्यायचा आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या फ्युझेरियम-आयडीच्या साठ्याशी जुळवायचा. एकच जनुक परवडत असेल तर टीईएफ१, दोन परवडत असतील तर सोबत आरपीबी२. एकाच जीनसवर लक्ष ठेवून, तज्ज्ञांनी निवडलेल्या कल्चरवर बांधलेला साठा कसा असावा याचा हा उत्तम नमुना आहे.

त्याचीही एक हद्द आहे. मर रोग करणाऱ्या फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमच्या 'फॉर्मा स्पेशालिस' यजमान पिकावरून ठरतात. केळीवरची क्युबेन्स, टोमॅटोवरची लायकोपर्सिसी अशी ती नावं. टीईएफ१ वरून ती सांगता येत नाहीत. एका फॉर्मातल्या बुरशी वेगवेगळ्या वंशरेषांतून आलेल्या असू शकतात आणि त्याच जमिनीत रोग न करणाऱ्या ऑक्सिस्पोरमही असतात. इथे रोपाला बुरशी टोचून रोग येतो का ते पाहणं आणि त्या रोपातून तीच बुरशी परत मिळवणं, ही कॉखची जुनी कसोटीच निर्णायक. नियंत्रणासाठी महत्त्वाच्या काही प्रकारांसाठी खास पीसीआर चाचण्या आहेत, पण त्या फक्त ज्यासाठी बनवल्या त्याच प्रकाराला लागू असतात.

केवडा, फायटॉफ्थोरा आणि चुकीचा प्रायमर

फायटॉफ्थोरा, पिथियम आणि केवडा रोग करणारी प्लाझ्मोपारा हे ऊमायसीट्स खऱ्या बुरशी नाहीत. त्यांच्या पेशीभित्तीत मुख्यतः बीटा-ग्लुकान आणि सेल्युलोज असतं, तंतूंना आडव्या भिंती जवळजवळ नसतात आणि चलबीजाणूंना दोन कशाभिका असतात. तरीही नावांचे नियम त्यांना बुरशींसोबतच लागू होतात, म्हणून इंडेक्स फंगोरम आणि मायकोबँक दोन्हींत त्या सापडतात. नोंद सापडली म्हणून ती बुरशी, असं धरून चाललं की पुढे प्रायमर चुकतो. आयटीएस१एफ खास बुरशींसाठी बनवलेला असल्यानं ऊमायसीटचा डीएनए त्यानं वाढत नाही. नमुन्यात सोबत आलेली एखादी फ्युझेरियम मात्र छान वाढते आणि अहवालात तिचं नाव जातं. मूळकुजीच्या नमुन्यात हे हमखास होतं. आयटीएस६ आणि आयटीएस४ ही जोडी वापरा, सोबत कॉक्स१ किंवा कॉक्स२ हे जनुक.

हे वर्गीकरण कागदापुरतं नाही. मेटालॅक्झिल ऊमायसीट्सवर चालतं, खऱ्या बुरशींवर नाही. कार्बेन्डाझिम आणि ट्रायझोल गटाची औषधं नेमकी उलट. ट्रायझोल ज्या स्टेरॉलच्या निर्मितीवर घाव घालतात ती फायटॉफ्थोरात होतच नाही. चुकीच्या सृष्टीत (किंगडममध्ये) टाकलेलं एक नाव पूर्ण हंगामाची फवारणी वाया घालवतं.

यजमानांच्या याद्या आणि फोटो ओळखणारी ॲप

अमेरिकेच्या कृषी खात्याचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाचा, साठा 'या पिकावर काय काय नोंदलंय' या प्रश्नासाठी सर्वात भरीव. पिकाचं शास्त्रीय नाव टाकलं की बुरशी, देश आणि मूळ साहित्य यांची यादी मिळते. ती नोंदींची यादी आहे, पडताळणीची नाही. १९७० मध्ये कुणी ग्लिओस्पोरिऑइड्स लिहिलं असेल तर ते तिथे तसंच राहणार. म्हणून यादीत नाव आहे हा पुरावा मानू नये आणि नाव नाही एवढ्यावर 'पहिली नोंद' असा दावाही करू नये. एप्पोचा साठा निर्बंधित रोगकारकांसाठी चांगला. ए१ यादीत त्या विभागात नसलेले आणि ए२ मध्ये काही ठिकाणीच पोचलेले जीव असतात. प्रत्येकाला छोटा संकेत असतो, जसा फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्सला पीएचवायटीआयएन. नाव बदललं तरी नोंदवह्या जुळाव्यात म्हणून तो संकेत लिहून ठेवण्याची सवय चांगली.

पानाचा फोटो पाहून रोग सांगणारी ॲप बुरशी ओळखत नाहीत, लक्षण ओळखतात. २०१६ मध्ये १४ पिकं, २६ रोग आणि ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या प्रणालीनं त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. त्यानंतर प्रणाली सुधारल्या आहेत, पण सर्कोस्पोराच्या बुडाची खूण फोनच्या फोटोत येत नाही. शेतात पहिला अंदाज घ्यायला वापरा, अहवालात लिहायला नको.

अहवालात नावासोबत पुढच्या गोष्टी हव्यात: कोणत्या अवयवावरून आणि कोणत्या माध्यमावर वेगळी केली, बीजाणूंचा पल्ला आणि किती मोजले, कोणता जनुक, जेनबँकेचा क्रमांक, कोणत्या टाइप कल्चरशी किती टक्के आणि किती व्याप्तीनं जुळली, आणि शोध घेतल्याची तारीख. साठे सतत बदलतात, त्यामुळे तारीख नसलेला ब्लास्टचा निकाल दोन वर्षांनी पडताळता येत नाही. कल्चरची एक नळी निर्जंतुक पाण्यात किंवा मिनरल ऑइलखाली जपून ठेवा आणि तिचा क्रमांक त्याच ओळीत लिहा. नाव उद्या बदललं तर नव्यानं तपासायला ती नळीच लागणार आहे.